मनाचे आजारपण आणि विश्वासाचे पद

राज्याचे गुपित, किल्ल्याची किल्ली किंवा दौलतीचा शिक्का ज्याच्या हाती द्यायचा, तो माणूस कसा पारखावा, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. आज त्याला ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ असे नवे नाव मिळाले आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुला-नातवंडांच्या तोंडून तो शब्द आपल्या घरांतही ऐकू येऊ लागला आहे. गोपनीय कागद हाताळण्यास अमुक व्यक्ती पात्र आहे की नाही याची सरकारने केलेली तपासणी, असा त्याचा साधा अर्थ. या तपासणीत कर्ज, व्यसन, परकीय संबंध यांबरोबरच मनाच्या आरोग्याचाही विचार होतो. त्यामुळे एक भीती जन्माला येते. मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो हे कळले तर नोकरी जाईल, अशी ती भीती. ती कितपत खरी आहे हे पाहण्याआधी आपल्याच इतिहासाकडे वळणे उपयोगाचे होईल, कारण या प्रश्नाची किंमत मराठी राज्यांनी फार पूर्वीच मोजली आहे.

आपल्या शहरापासून सुरुवात करू. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने जो मुलूख पेशव्यांना दिला, त्यात बऱ्हाणपूर आणि अशीरगड होते. पुढे १७७८ च्या सुमारास हा प्रदेश शिंद्यांकडे आला. आपल्यापैकी अनेकांची घराणी त्या उलाढालीतच तापीकाठी येऊन स्थिरावली. दक्षिणेचा दरवाजा म्हटला जाणारा अशीरगड ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती उत्तर-दक्षिण वाट, असे त्या काळचे गणित होते. म्हणून त्या गडावरचा किल्लेदार हा निव्वळ नोकर नव्हता. तो धन्याच्या विश्वासाचा ठेवा होता.

मराठ्यांच्या राज्यात गडावरील माणसांची निवड कशी होई, याचे वर्णन सभासदाच्या बखरीत आहे. हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी गडावर असत. हवालदार व सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू, अशी जातवार विभागणीही तेथे सांगितली आहे. मतलब असा की, कोणा एकाच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हाती जाऊ नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडकोटांवर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यावरून या विषयाचे महत्त्व ध्यानात येते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या व्यवस्थेने माणसाच्या मनात डोकावून पाहण्याचा खटाटोप फारसा केला नाही. मन बदलते, आजारी पडते, लोभात सापडते, हे गृहीत धरून तिने अधिकाराची वाटणी केली. एकाचा तोल गेला तर बाकीच्यांनी सावरावे, असा तो विचार होता.

ही वाटणी गडापुरती होती. राजाच्या किंवा सरदाराच्या बाबतीत मात्र अशी काही तजवीज नव्हती. गादीवरच्या माणसाचे मन आजारी पडले तर काय करायचे, याचे उत्तर ना बखरीत होते, ना दरबारी रिवाजात. होळकरांच्या घराण्यात हा प्रसंग दोनदा आला.

पहिला प्रसंग मालेरावांचा. मे १७६६ मध्ये मल्हारराव होळकर निवर्तले. खंडेराव आधीच कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली पडले होते. त्यामुळे नातू मालेराव, म्हणजे अहिल्याबाईंचे चिरंजीव, सुभेदारीवर आले आणि एप्रिल १७६७ मध्ये, वर्ष पुरे होण्याआधीच, मरण पावले. जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात त्यांच्या आजाराची हकीकत दिली आहे. एका कशिदाकाम करणाऱ्या कारागिराला मालेरावांनी संशयावरून ठार केले, पुढे तो निर्दोष ठरला, आणि त्या पश्चात्तापाने त्यांचे चित्त भ्रमले, असे त्याने ऐकले होते. त्या मृताचे पिशाच अंगात शिरले असे लोक मानीत, आणि आईने त्या पिशाचाची विनवणी केली असेही तो सांगतो. अहिल्याबाईंनीच मुलाचा अंत घडविला, अशी एक कंडी पिकली होती. माल्कमने चौकशी करून ती खोटी ठरविली, हेही येथे नमूद केले पाहिजे. आजाराला नाव नसले की संशयाला वाट मिळते, आणि तो संशय बहुधा शुश्रूषा करणाऱ्यावरच येतो. त्यानंतर दिवाण गंगाधर यशवंतांनी दत्तकाचा आग्रह धरला, राघोबादादांची फौज पुढे झाली, पण अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. थोरल्या माधवरावांनी त्यांच्या हक्काला मान्यता दिली आणि फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे गेले. म्हणजे कारभार एकीकडे, तलवार दुसरीकडे, अशी जोड बसली, आणि ती जवळजवळ तीस वर्षे टिकली.

दुसरा प्रसंग अधिक दारुण आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव करणारे यशवंतराव होळकर हे आपल्या इतिहासातील एक विलक्षण पुरुष. डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटच्या तहानंतर ते माळव्यात परतले. पुन्हा इंग्रजांशी गाठ पडणार, ही खूणगाठ बांधून त्यांनी भानपुऱ्याला तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि कवायती फौज उभारण्याचे मनावर घेतले. भट्टीपुढे ते स्वतः राबत. त्यातच मद्यपान वाढले होते. माल्कमच्या माहितीप्रमाणे पहिली लक्षणे म्हणजे विस्मरण, उतावीळपणा आणि अनावर संताप. १८०८ च्या सुमारास विकार इतका बळावला की, त्यांना दोरांनी बांधून ठेवावे लागले. पुढे तो प्रक्षोभ ओसरला आणि मूक जडता आली. ज्या हातांनी तोफा ओतल्या, त्यांना लहान मुलासारखे भरवावे लागे. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यासच त्यांचा अंत झाला. त्या विकाराला आजच्या परिभाषेतील एखादे नाव देण्याचा मोह आवरलेला बरा. दोन शतकांपूर्वीच्या ऐकीव लक्षणांवरून निदान करणे वैद्यकशास्त्राला धरून होणार नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या तीन वर्षांतील राज्यकारभार महत्त्वाचा आहे. धनी जिवंत होते, शिक्का त्यांचा होता, हुकूम त्यांच्या नावाने सुटत होते. पण हुकूम देणारे मन तेथे नव्हते. तुळसाबाई आणि बाळाराम शेट यांनी कारभार हाती घेतला. अमीरखान बाहेरून दाब आणीत होता, पगार तुंबलेल्या पलटणी वरचेवर बिथरत होत्या. पडद्याआड काय चालले आहे हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्यावर फितुरीचा संशय घेत होता. हा संशय यशवंतरावांच्या मृत्यूनंतरही गेला नाही. गादीवर बाल मल्हारराव होते आणि कारभारात तुळसाबाई. २० डिसेंबर १८१७ रोजी, इंग्रजांशी संधान बांधल्याच्या संशयावरून, होळकरांच्याच फौजेतील लोकांनी तुळसाबाईंचा क्षिप्रेच्या काठी शिरच्छेद केला. दुसऱ्याच दिवशी महिदपूरची लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे स्वातंत्र्य संपले. यशवंतरावांच्या आजाराने राज्य बुडाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजार कोणालाही येतो. परंतु आजारी धन्याच्या जागी कोणी, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली काम पाहावे, याचा उघड नियम नव्हता. ज्या राज्याने साध्या गडावर चार अधिकाऱ्यांची अट घातली होती, त्याच परंपरेत राज्याच्या मस्तकासाठी दुसरा आधार ठेवला गेला नाही, हे खरे शल्य आहे.

येथे कोणी म्हणेल की, म्हणूनच मनाने दुबळ्या माणसाला विश्वासाच्या पदापासून दूर ठेवले पाहिजे. त्याला अशीरगडाने १८१९ साली उत्तर दिले आहे. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना गडावर आसरा मिळाल्यावरून इंग्रजांनी अशीरगडास वेढा घातला. दौलतराव शिंदे इंग्रजांचे दोस्त म्हणवीत होते आणि गड खाली करण्याचे हुकूम पाठवीत होते. किल्लेदार यशवंतराव लाड मात्र ते हुकूम मानीत नव्हते. ९ एप्रिल १८१९ रोजी गड पडल्यावर तेथील कागदांत शिंद्यांचेच पत्र इंग्रजांच्या हाती लागले, आणि पेशव्यांचे हुकूम पाळावे अशी गुप्त सूचना किल्लेदाराला होती, हे उघडकीस आले. येथे विश्वासघात म्हणावा असे जे काही घडले, ते पूर्ण शुद्धीवर असलेल्या, धूर्त आणि हिशेबी मनाने केले. कोणत्या बाजूने पाहिले असता ते निष्ठेचे कृत्य ठरते आणि कोणत्या बाजूने दगलबाजीचे, हा वेगळा वाद. परंतु वैद्याने नाडी पाहून किंवा नातेवाइकांना विचारून ते आधी कळले नसते. राज्याची गुपिते बहुतेक वेळा लोभ, द्वेष आणि दुहेरी निष्ठा यांनी फुटतात. मनाचे आजारपण आणि मनाचा बेइमानपणा या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करणे ही जुनी चूक आहे.

ही गल्लत किती भयंकर ठरू शकते, हे कोल्हापूरने पाहिले. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यानंतर १८७१ मध्ये दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन होते. त्यांचा जन्म १८६३ चा. ते वयात येत असतानाच त्यांचे चित्त ठिकाणावर नाही अशी कुजबुज सुरू झाली आणि सरकारने त्यांना वेडे ठरविले. एका बाजूने म्हणणे असे की, महाराज खरोखर आजारी आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, सत्ता हाती ठेवण्यासाठी त्यांना छळून वेडे केले जात आहे. ब्रिटिश मुलखातील प्रजाजनासाठी १८५८ चे कायदे होते. माणूस विकल मनाचा आहे की नाही याची जिल्हा न्यायालयापुढे चौकशी होत असे आणि त्यानंतरच त्याची मालमत्ता दुसऱ्याच्या हाती जाई. संस्थानिकाला मात्र तो मार्ग खुला नव्हता. त्याच्याबाबतचा निर्णय राजकीय खात्याच्या कचेरीत होई. म्हणजे सामान्य रयतेला जे संरक्षण, ते छत्रपतींना नाही, असा उलटा न्याय होता.

१८८१ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी हा प्रश्न हाती घेतला आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. तिला आधार होता तो बर्व्यांच्या नावे दाखविल्या गेलेल्या पत्रांचा. ती पत्रे बनावट निघाली. बदनामीच्या खटल्यात जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी एकशे एक दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. या प्रकरणाचे वर्णन करताना आपण बहुधा संपादकांच्या त्यागापाशी थांबतो. ज्याच्यासाठी हे सर्व झाले तो वीस वर्षांचा आजारी मुलगा मात्र मागे पडतो. त्याच १८८२ साली महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. प्लीहा फुटल्याने मृत्यू आला, असे वैद्यकीय कारण दिले गेले. वैद्याच्या हाती असावयास हवा होता तो रोगी शिपायाच्या हाती होता. कागलच्या जयसिंगराव घाटग्यांकडे तेव्हा संस्थानचे रीजंटपद होते. त्यांचे चिरंजीव मार्च १८८४ मध्ये दत्तक गेले आणि शाहू छत्रपती म्हणून त्यांनी पुढे जो इतिहास घडविला, तो सर्वांना ठाऊक आहे.

कोल्हापूर प्रकरणात महाराज खरोखर किती आजारी होते, याचा निर्वाळा आजही कोणी देऊ शकणार नाही. आणि हाच त्यातला मुख्य धडा आहे. निर्णय बंद दाराआड झाला, ठरविणाऱ्यांचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला होता, रोग्याचे म्हणणे मांडायला कोणी नव्हते, आणि फेरतपासणीची सोय नव्हती. भानपुऱ्याला आजार झाकला गेला म्हणून अनर्थ झाला. कोल्हापुरास आजाराचा शिक्का मारला गेला म्हणून अनर्थ झाला. दोहोंच्या मुळाशी एकच उणीव होती. उघड, निःपक्षपाती आणि पुन्हा तपासता येणारी रीत नव्हती.

ही रीत कायद्यात उतरायला पुढे दीर्घ काळ लागला. स्वतंत्र भारताच्या घटनेने संसद-सदस्यत्वाच्या अपात्रतेत ‘विकल मन’ हे कारण ठेवले, परंतु सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केले असले पाहिजे, अशी अट घातली. विधिमंडळ-सदस्यत्वालाही तोच नियम लागू आहे. ही छोटीशी अट मोलाची आहे. कुजबुज आणि कचेरीतला शेरा यांना तिने बाहेर ठेवले. १९१२ च्या जुन्या वेड्यांसंबंधीच्या कायद्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घेतली आणि त्याच्याही जागी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. २०१८ पासून तो अमलात आहे. त्यातील तिसऱ्या कलमाचा आशय प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज माणूस आजारी आहे असे ठरविता येत नाही. आणि आजार आहे, एवढ्यावरून त्याचे मन विकल आहे असे मानता येत नाही, ते न्यायालयानेच जाहीर करावे लागते. उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा रोग्याचा हक्कही या कायद्याने मान्य केला आहे.

शस्त्र आणि शिस्त यांच्या क्षेत्रात या तत्त्वाची कसोटी डिसेंबर २०२१ मध्ये लागली. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यावर गैरवर्तनाबद्दल खातेनिहाय कारवाई चालू होती. तो मनोविकाराने पीडित होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि अशा कारवाईत अप्रत्यक्ष भेदभाव होतो असे ठरविले. वेतनाला संरक्षण देऊन त्याला दुसरे काम देता येईल, आणि ते देताना बंदूक वापरण्याचा किंवा तिच्यावर ताबा ठेवण्याचा संबंध येणार नाही अशी खबरदारी दलाला घेता येईल, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. हा विचार गडावरील जुन्या वाटणीशी किती जवळचा आहे, ते पाहावे. माणूस टाकून द्यायचा नाही. धोक्याची वस्तू आणि माणूस यांत योग्य अंतर ठेवायचे.

आता सातासमुद्रापलीकडील तपासणीकडे येऊ. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या एप्रिल १९५३ च्या आदेशाने सरकारी सेवेतील सुरक्षा-तपासणीचे निकष ठरले. १९५४ च्या दुरुस्तीनंतर निर्णयशक्ती किंवा भरवसा यांत मोठा दोष उत्पन्न करील असा मनोविकार, हा त्यांपैकी एक निकष झाला. मात्र त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत हवे आणि आजार तात्पुरता की कायमचा याचा विचार व्हावा, हेही त्यात होते. व्यवहारात मात्र प्रश्नपत्रिकेत मानसोपचारांविषयी व्यापक विचारणा राहिली आणि इराक-अफगाणिस्तानातून परतलेले सैनिक नोकरीच्या भीतीने उपचारच टाळू लागले. तेव्हा २००८ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी युद्धातील ताणासाठी घेतलेले समुपदेशन सांगण्याच्या सक्तीतून त्यांना वगळले. २०१६ मध्ये हा प्रश्न आणखी आटोपशीर करण्यात आला. सरसकट उपचारांऐवजी न्यायालयाने अक्षम ठरविणे, रुग्णालयात दाखल होणे, निर्णयशक्तीवर परिणाम करणारे काही ठरावीक विकार, अशा गोष्टींपुरती विचारणा उरली. जून २०१७ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तर केवळ समुपदेशन घेतले म्हणून प्रतिकूल अनुमान काढू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१२ ते २०२० या काळात तेथील संरक्षण खात्याने दिलेल्या सुमारे ५४ लाख निर्णयांपैकी ९७ हजारांच्या आसपास प्रकरणांत मानसिक आरोग्याचा मुद्दा होता, आणि केवळ त्याच कारणावरून परवाना नाकारला किंवा काढून घेतला गेला तो अवघ्या ६२ जणांचा. भीती डोंगराएवढी आणि वस्तुस्थिती राईएवढी, असे हे प्रमाण आहे.

याचा अर्थ तपासणी नुसती नावाची आहे असा नव्हे. सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाची निर्णयशक्ती शाबूत आहे ना, हे विचारण्याचा राज्याला अधिकार आहे, आणि यशवंतराव होळकरांची अखेरची वर्षे आठवली तर तो नाकारता येणार नाही. परंतु तपासणाऱ्याला आजारापेक्षा लपवाछपवीची चिंता अधिक असते, आणि त्याला कारणही आहे. जे लपवावे लागते, त्याचाच धाक दाखवून शत्रू माणसाला वाकवू शकतो. ज्याचे घरच्यांना, वैद्याला आणि वरिष्ठाला ठाऊक आहे, त्याला कोणी कशाचा धाक घालावा? आपल्याकडेही चारित्र्य-पडताळणीच्या अर्जात गुन्हेगारी प्रकरणे दडविण्यासंबंधी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने जो विचार मांडला, त्यात माहिती खरी असणे हाच पाया धरला आहे. वेळेवर उपचार घेणे हे शहाणपणाचे आणि जबाबदारीचे लक्षण मानले जावे, या दिशेने जगाची पावले पडत आहेत.

आपल्या समाजाची पावले मात्र अडखळतात. जुन्या घराण्यांना नावाची फार काळजी. कुलवृत्तांताची पाने चाळली तर एखाद्या पुरुषाच्या नावापुढे पराक्रमाच्या ओळी सापडतात आणि त्याच्या भावापुढे नुसते नाव. तो कोण होता, कसा जगला, माडीवरच्या कोणत्या खोलीत त्याचे आयुष्य सरले, याचा मागमूस नसतो. अशा कोऱ्या जागांमागे जे असेल ते असो. परंतु दुखण्याला लाज मानण्याची सवय तेथूनच आपल्यापर्यंत आली आहे. सोयरिकीत अडथळा येईल, नोकरीत शेरा पडेल, लोक काय म्हणतील, या धाकाने आजही एखादा मुलगा किंवा सून निमूट सोसत राहते, आणि जो विकार काही महिन्यांच्या उपचारांनी आटोक्यात आला असता तो हाताबाहेर जातो. मग ज्या भीतीने तो दडविला, तीच खरी ठरते.

बऱ्हाणपुरातून मान वर करून पाहिले की, उत्तरेला सातपुड्याच्या रांगेत अशीरगड दिसतो. तो गड राखताना आपल्या पूर्वजांनी एकाच माणसावर सारा भार टाकायचा नाही, हे शहाणपण पाळले होते. तेच शहाणपण आज घराच्या उंबऱ्याआत आणले पाहिजे. मन दमले तर ते सांगता यावे, त्याचा भार चौघांनी उचलावा, वैद्याला वेळेवर बोलवावे, आणि बरे झालेल्या माणसाला त्याची जागा सन्मानाने परत द्यावी. विश्वासाचे पद सांभाळायला कधीच न डळमळणारे मन लागते, अशी अट घातली तर त्या पदावर बसायला कोणीच उरणार नाही. डळमळलेले मन वेळीच ओळखणारा माणूस, आणि त्याला तसे बोलू देणारा समाज, यांच्यावरच भरवसा ठेवता येतो.